पाच नंबरची खाट

माझी सून कॅप्टन आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर लोक मध्येच विचारतात, "म्हणजे सैन्यात का?" सैन्यात नाही हो, गेममध्ये. पाच जणांची टीम आपापल्या घरी कॉम्प्युटरसमोर बसून खेळते, आणि कोणी कुठे जायचं, कोणी कुठे थांबायचं, हे त्या सगळ्यांना ही सांगते. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर मी हसू देणार नाही.

उगाच कोणाचं कौतुक करणाऱ्यातली मी नाही. सगळं आयुष्य हॉस्पिटलात गेलं माझं, रिटायर झाले ती हेड सिस्टर म्हणून. माझ्या वॉर्डात माशीसुद्धा विचारून आत यायची. तर लग्न होऊन आल्यावर एकदा ही हेडफोन लावून खेळत होती आणि मी मागे भाजी निवडत बसले होते. यांची टीम हरायला आलेली. पलीकडचं पोर घाबरलं असावं. ही त्याला म्हणाली, "घाई करू नकोस. श्वास घे. डावीकडून ये, मागे मी आहे." मी हातातली जुडी खाली ठेवली. तो आवाज मी ओळखते. अपघाताची केस आली आणि सगळे सैरावैरा धावायला लागले, की कोणातरी एकाचा आवाज तसा लागावा लागतो. तो शिकवून येत नाही. मी कितीजणींना शिकवायला गेले आणि डोकं धरून परत आले.

मुलगा माझा जहाजावर असतो, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. तिच्या मॅचच्या वेळी मी मिक्सर लावत नाही, दाराची बेल वाजली तर आधी धावत जाते आणि येणाऱ्याला खुणेनेच गप्प करते.

त्या रविवारची मॅच निकालाची होती. एक समोरच्यांनी जिंकलेली, एक आमच्यांनी, आणि आता तिसरी आमच्या घरी. आमच्या घरी म्हणजे खेळाची खोली हिच्या कॉम्प्युटरवर उघडणार आणि बाकीचे सगळे आपापल्या गावाहून तिथे येणार. लीगचा नियम असा, की चारला खोली उघडायची. पंधरा मिनिटांत समोरच्यांना आत येता आलं नाही, तर यजमान हरले. खेळून हरणं मी समजू शकते. पण दारच उघडत नाही म्हणून हरायचं, आणि तेही कॅप्टनच्या घरचं दार? टीममध्ये एक मिशीवाला आहे, त्याचा कॅप्टनच्या जागेवर आधीपासून डोळा. तो म्हणालाच होता, "माझ्याकडे उघडूया. घरसंसारातल्या नेटचा काय भरवसा?" ही म्हणाली, "माझ्याकडेच उघडेल. नाही उघडलं तर कॅप्टनपण तुझं." मी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि मनात म्हटलं, शाब्बास! आणि लगेच देवापुढे दिवा लावून आले.

शनिवारी दुपारभर ती राउटरचं काम करत होती. टीव्हीच्या वरच्या फळीवर आहे तो डबा, हिरवे दिवे लुकलुकत असतात. मी विचारलं, "आत नेमकं काय करतेस?"

"आई, हा राउटर म्हणजे तुमचा वॉर्ड. आतल्यांनी बाहेर फोन केला तर चालतो, पण बाहेरचा कोणी आपणहून आत येऊ शकत नाही. फायरवॉल त्याला दारातूनच परत पाठवते. आता मॅचसाठी मला एकच दार उघडायचंय. त्या दाराने जो येईल त्याला सरळ माझ्या मशीनकडे धाडायचं."

"म्हणजे व्हिजिटिंग अवर्स," मी म्हटलं.

"अगदी तेच!"

घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एकेक नंबर देतो म्हणे. हिच्या मशीनला पाच नंबर मिळाला होता. तिने नियम लिहिला, गेमच्या दाराने येणारे सगळे पाच नंबरकडे. मग मशीनवरच्या फायरवॉलमध्येही गेमपुरती परवानगी दिली. संध्याकाळी टीममधल्या एकाला बाहेरून आत यायला सांगितलं. आला बिचारा सुरळीत. ही खुर्चीतच गर्रकन फिरली आणि मला टाळी दिली.

रविवारी सकाळी आम्ही दोघी बाजारात गेलो. निघताना मी नेहमीसारखी बोर्डावरची सगळी बटणं बंद केली. आमच्या आईचं वळण आहे ते. खोलीतून पाय बाहेर, हात बटणावर. पंखा, दिवा, टीव्ही, जे असेल ते खट्खट् बंद. आम्हा बहिणींना ते इतकं अंगवळणी पडलंय, की लोकांच्या घरातून निघतानाही हात जातो. परत आल्यावर सगळं चालू केलं, राउटरचे दिवे लागले, आणि आम्ही स्वयंपाकाला लागलो. हिने आपला कॉम्प्युटर जेवणानंतर लावला. उघडून पाहिलं, तिचा नियम जागच्या जागी होता. झालं, निश्चिंत!

तीनच्या सुमाराला माझी धाकटी बहीण टपकली. न सांगता येणं हा तिचा हक्क आहे. हॉलमध्येच हिचं टेबल, कारण केबल आतल्या खोलीपर्यंत पुरत नाही. धाकटी सोफ्यावर बसली, हिच्याकडे पाहिलं आणि नाक मुरडलं.

"रविवारची पाहुणी आली तरी गेम?"

"मॅच आहे तिची," मी म्हटलं.

"अगं ताई, आपल्या वेळी सुना..."

"आपल्या वेळी तू सासूला न सांगता सिनेमाला जायचीस. चहा घे."

तिने चहा घेतला, पण तोंड वाकडंच.

चार वाजले. हिने खोली उघडली. टीममधले चारही जण बाहेर ताटकळत, समोरचे पाचही बाहेर. मिशीवाल्याचा फोन आला. हिने स्पीकरवर टाकला. "खोली सापडत नाहीये आम्हाला. कोणालाच नाही."

हिने खोली बंद करून पुन्हा उघडली. नाही. मशीनवरची फायरवॉल पाहिली, गेमला परवानगी होती. राउटर उघडला, नियम शाबूत. गेम बंद करून चालू केला. नाही म्हणजे नाहीच.

"फायरवॉल सगळीच बंद करून टाक ना!" मिशीवाला म्हणाला.

"नाही. पाहुणे यायचेत म्हणून कोणी भिंती पाडत नाही."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पण तिचे कान लाल झाले होते. माऊसवरचा हात स्थिर होता, आवाज स्थिर होता, फक्त कान लाल. फोनमधून मिशीवाल्याचा सुस्कारा ऐकू आला. सुस्कारा कसला, मनातल्या मनात हार गळ्यात घालून घेत होता मेला! आणि सोफ्यावरून धाकटी म्हणाली, "लागत नसेल तर राहू दे ना. खेळच तर आहे."

माझं डोकं फिरलं. मी उठून सुनेच्या मागे जाऊन उभी राहिले. समजत मला काही नव्हतं, पण वॉर्डातसुद्धा पेशंट हातातून जायला लागला की मी डॉक्टरांच्या मागे अशीच उभी राहायची.

"तू आलेल्यांना पाठवतेस कुठे?"

"पाच नंबरकडे."

"पाच नंबरला कोण आहे?"

"मीच, आई."

"बघितलंस?"

"काल मीच होते."

"काल!" मी इतक्या जोरात ओरडले की धाकटीच्या बशीत चहा सांडला. "काल त्या खाटेवर कोण होतं हे मला सांगू नकोस. आज कोण आहे? औषध खाटेला देतात का माणसाला? हातावरची नावाची पट्टी वाच आधी!"

नवीन आलेल्या प्रत्येक पोरीला मी हेच ऐकवायची. रात्रीत पेशंट हलवलेले असतात. पाच नंबरच्या खाटेवर दुसराच कोणी झोपलेला असतो, आणि ही शहाणी इंजेक्शन भरून खाटेचा नंबर बघत उभी.

 सुनेने झटक्यात राउटरमध्ये कुठलंसं पान उघडलं. घरात कोणत्या यंत्राला कोणता नंबर, ते तिथे दिसत होतं. तिने पाचवर बोट ठेवलं.

"आई, हा तुमचा मोबाईल आहे."

मोबाईल माझ्या कमरेच्या बटव्यात होता. म्हणजे दोन टीमचे नऊ खेळाडू इतका वेळ माझ्या कमरेवर दार ठोठावत होते.

धाकटी खो खो हसायला लागली. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सकाळचं बटण! राउटर बंद पडला तसा सगळ्यांचे नंबर विसरला. चालू झाल्यावर जो आधी जागा होता त्याला आधी नंबर. माझा मोबाईल जागाच होता. हिचं मशीन झोपलेलं.

"मीच गं ती," मी म्हटलं. "मीच बंद केलं होतं." मला रडू यायचंच बाकी होतं. जिच्यासाठी मी मिक्सर लावत नाही, तिचं कॅप्टनपण मी एका बोटाने घालवत होते.

"आई, नंतर," ती म्हणाली. त्याच आवाजात. "आत्ता मला पेशंटची पट्टी हवी."

प्रत्येक यंत्राला जन्मजात एक ओळख असते, नंबर बदलला तरी ती बदलत नाही. तिने आपल्या मशीनची ती ओळख राउटरमध्ये टाकली आणि एक खाट तिच्या नावाने कायमची राखून ठेवली, वीज जावो की सासू येवो. उघडलेलं दार त्या खाटेकडे वळवलं. "केबल काढा, पुन्हा लावा," म्हणाली. मी काढली, लावली. टक्!

खोलीत एक नाव आलं. मग दुसरं. मग भराभरा सगळे. सर्वांत शेवटी मिशीवाला, बहुतेक नाइलाजानेच. पंधरा मिनिटं संपायला फार उरलं नव्हतं, पण उरलं होतं. हिने हेडफोन चढवला आणि म्हणाली, "चला. मागे मी आहे."

खेळ असा, की मध्ये एक मनोरा असतो आणि तो ज्यांच्या ताब्यात शेवटपर्यंत राहील ते जिंकले. आमचे निळे, समोरचे लाल. मी खुर्ची ओढून हिच्या बाजूला बसले, डोळ्यांत तेल घालून. मनोरा आधी त्यांचा, मग आमचा, मग पुन्हा त्यांचा. धाकटीला मात्र राग आला होता. तिच्याकडे कोणी बघतच नव्हतं ना! ती उठली, पर्स घेतली, "मी निघते बाई, तुमचं चालू द्या," म्हणाली आणि दाराकडे वळली. मी मान हलवली. मग सहज तिच्याकडे नजर गेली. तिचा हात बोर्डाकडे चालला होता. आमच्या आईचा हात! पंख्याचं बटण बंद झालं, दिव्याचं झालं, आणि बोट तिसऱ्या, राउटरच्या बटणावर आलं.

या वयात मी अशी उडी मारेन असं मला कोणी सांगितलं असतं तर मीच त्याला तपासायला घेतलं असतं. मी तिचं मनगट धरलं.

"खबरदार! पेशंट टेबलावर आहे!"

"अगं, काय झालं काय? सवयीने गेला हात!"

"जित्याची खोड! मलाही तीच आहे, म्हणून तर सकाळी सत्यानाश केला. त्या बटणावर माझी सून उभी आहे. ती चार पोरं तिच्या भरवशावर आहेत आणि ती आपल्या भरवशावर. कळलं? तू सकाळपासून... सकाळपासून कुठली, तीनपासून तोंड वाकडं करून बसलीस, पण एकदा तिचा आवाज तरी ऐक!"

मनगट मी सोडलंच नाही. तशीच ओढत तिला आणून माझ्या खुर्चीवर बसवली आणि मी उभी राहिले. मनोरा एव्हाना पुन्हा आमच्याकडे आला होता आणि सून हलक्या आवाजात बोलत होती. "मिशी, तू मनोऱ्यात थांब. मी बाहेर जाते, ते माझ्यामागे येतील. तू फक्त जागा सोडू नकोस." आणि ती एकटी बाहेर पडली. तीन लाल तिच्यामागे धावले.

धाकटी पुढे वाकली.  मग हळूच म्हणाली, "ताई, यातली आपली कुठली?"

"ती. एकटी पळतेय ती."

"अगंबाई! मारतील ना तिला!"

"मारू देत. मनोरा बघ."

मारलं तिला. पण तोवर मनोऱ्यापाशी लाल दोघेच उरले होते, आत आमचे चार निळे, आणि वेळ संपला. आम्ही जिंकलो! मी काय ओरडले ते मला आठवत नाही. धाकटी पर्स हवेत उडवून माझ्या गळ्यात पडली एवढं खरं, कारण नंतर आम्ही सोफ्याखालून सुट्टी नाणी गोळा केली.

हिने हेडफोन काढला आणि आवाज स्पीकरवर घेतला. टीमचा नुसता गोंगाट. त्यातही मिशीवाला म्हणाला, "कॅप्टन, नेट बरं आहे हां तुमच्या घरसंसाराचं." मग समोरच्या टीमचा कॅप्टन बोलला, कोणी सभ्य मुलगा होता. "मस्त खेळलात. पण सुरुवातीला एवढा उशीर का झाला? आम्हाला वाटलं, बसल्या जागी जिंकलो."

माझा जीव पुन्हा टांगणीला लागला. आता सांगणार, सासूने बटण बंद केलं. चारचौघांत. सांगायलाही हवं, खरंच होतं ते.

"आमच्या घरी एक हेड सिस्टर आहेत," सून म्हणाली. "पेशंटची पट्टी तपासल्याशिवाय त्या कोणाला आत सोडत नाहीत. त्यांनी पकडलं म्हणून तर खोली उघडली."

धाकटी माझ्या कानाशी लागली. "बघ, अर्धंच सांगितलं! बटणाचं गाळलं की नाही?"

"गाळणारच," मी म्हटलं. माझे डोळे भरून आले होते आणि मी ते लपवलेही नाहीत. "कॅप्टन आहे ती. आपल्या टीमचं माणूस ती उघडं पडू देत नाही."