तिसऱ्या गाण्याला करपलेलं वरण

सोजराबाईंची मतं सगळ्या धामणगाव बढ्याला तोंडपाठ होती. तंबूतला टॉकीज म्हणजे रिकामटेकड्यांचा धंदा. त्याची गाणी म्हणजे मांजराच्या शेपटीवर पाय. आणि पोलिसानं धरला तो चोर. हे शेवटचं मत त्यांनी त्याच तंबूत दोन सिनेमे पाहून बनवलं होतं, पण ते सांगायचं कुणाला?

म्हणून जमादारानं वहाबला नेल्याचं कानावर आलं, तेव्हा तूर पाखडता पाखडता त्या बोलून गेल्या, "उगाच कोण नेते? केलंच असंन काही."

वहाब बाजाच्या पेट्या आणि रेडिओ दुरुस्त करायचा. परवा दिवेलागणीला मॅनेजर पंजाबराव चहाला गेले आणि मागे कुणीतरी टॉकीजच्या कर्ण्यावर तबकड्या वाजवायचं मशीन उचलून नेलं. आठवड्याआधीच वहाबनं ते खोलून साफ केलेलं. तारा सोडवायची कळ त्यालाच ठाऊक, असं पंजाबरावांनी लिहून दिलं.

"परवा?" सून पुष्पाबाई म्हणाली. "परवा तं वहाबभाऊ आपल्याच ओसरीत भजनाची पेटी खोलून बसले होते, आत्याबाई. वरण करपलं त्या दिवशी."

सोजराबाईंचं सूप हातातच राहिलं.

संध्याकाळी वहाबची बायको नजमुन्निसा आली. उंबऱ्याशी टेकून म्हणाली, "काकी, जमादार म्हंते, तुमच्याकडून निघाला आन् जाता जाता चोरी केली. तो कधी निघाला ते तुम्हालेच माहीत."

पुष्पाबाई त्या वेळी विहिरीवर होती. ओसरीत वहाब आणि चुलीपाशी सोजराबाई, तिसरं कुणी नाही. मशीन कोणत्या घडीला गेलं, हे सोजराबाईंना पक्कं माहीत होतं. पण ते सांगायचं तर वरणाचंही सांगावं लागणार. चाळीस वर्षांत त्यांच्या चुलीवर काही लागलं नव्हतं, आणि ते वरण त्यांनी सुनेच्या माथी मारलं होतं. पाहुण्यांसमोर दोनदा.

सव्वा महिना वहाब आत राहिला. त्या सव्वा महिन्यात सोजराबाईंना वरण गोड लागलं नाही.

तालुक्याच्या कोर्टात त्या नऊवारीचा पदर खोचून उभ्या राहिल्या. सरकारी वकिलांनी विचारलं, "बाई, घरी घड्याळ आहे?"

"हाये. बंद हाये."

"मग वेळ कशी कळली?"

सोजराबाईंनी मागच्या बाकावर बसलेल्या सुनेकडे पाहिलं नाही. "कर्ण्यावरून. रोज तबकड्या त्याच, आन् त्याच पाळीनं. पहिली गणपतीची, तवा वरण ठेवाचं. दुसरी त्या रडक्या बाईची, तवा पीठ मळाचं. तिसरी ढोलकीची. चौथी लागली का वरण उतरवाचं. गावातल्या साऱ्या बाया असंच करते."

"तुम्हाला तर ही गाणी आवडत नाहीत म्हणे?"

"आवडाचा काय संबंध? ऐकू येते."

कोर्टात कुणीतरी हसलं. न्यायाधीश साहेबांनी मान वर केली, आणि हसणं थांबलं.

"त्या दिवशी ढोलकीचं गाणं दुसऱ्या कडव्यात तुटलं," सोजराबाई म्हणाल्या. "वहाब म्हणाला, सुई बदलली नाही वाटते. पेटीच्या सुरांच्या पट्ट्या काढून फडक्यावर मांडल्या होत्या त्यानं. म्या म्हटलं, बरं झालं, थांबलं एकदाचं. आन् चौथ्याची वाट पाहत बसली. चौथं काही लागलं नाही. वरण करपलं."

"सुनेनं करपवलं नाही?" वकिलांच्या कानापर्यंतही ते गेलेलं होतं.

"नाही. म्या करपवलं. सून विहिरीवर होती, मले उतरवाले सांगून गेली होती. म्या तिचं नाव घेतलं. लिहून घ्या."

साहेबांनी पंजाबरावांना उभं केलं. चोरानं मशीनवरची तबकडी मागे टाकली होती का? होती. कोणती? ढोलकीची. सुई कुठवर गेली होती? पंजाबरावांनी मान खाजवली. "अर्ध्यात, साहेब. तिथं ओरखडा पडला हाये."

जेवायच्या सुट्टीनंतर वहाब सुटला.

एसटीत खिडकीशी बसल्यावर सोजराबाईंनी सव्वा महिन्यानं पाठ टेकली. वारं गार लागत होतं. पुढच्या बाकावर नजमुन्निसा नवऱ्याची बाही धरून बसली होती, जशी काही सोडली तर तो उतरून जाईल. पुष्पाबाई म्हणाली, "आत्याबाई, मुंबईले म्हंते आता घरातच डबा ठेवते. त्यात सिनेमा दिसते."

"घरात सिनेमा आला तं वरण कोण पाहीन?"

"तुम्ही," पुष्पाबाई म्हणाली आणि पदर तोंडाशी नेला. सोजराबाईंनाही हसू आलं. त्यांनी ते खिडकीबाहेर वळवलं.

दुसऱ्या दिवशी वहाब ओसरीत आला. पेटी सव्वा महिना उघडीच पडली होती.

"काकी, उंदरानं भाता कुरतडला."

"मंग? जेलातून सुटला म्हणून काम सुटलं का तुह्यं? बस. आन् पुष्पे, चहा टाक त्याले. गूळ जास्त टाकजो."

तंबूकडून, उसन्या मशीनवर, गणपतीची तबकडी लागली. सोजराबाई उठल्या आणि वरण त्यांनी स्वतः ठेवलं.