बंबात कोण बसणार

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलवाल्यांनी मिळून नवा आगीचा बंब घ्यायचं ठरवलं, आणि भांडण लागलं ते बसायच्या जागेवरून.

समितीत सहा पुरुष आणि चन्नम्मा. नवऱ्यामागं कारखाना तीच चालवायची. शाळा चौथीपर्यंत, त्यापुढचं तिनं लोकांना शिकवलं. तिचा धाकटा, बसू, बंबावर फायरमन. जुन्या बंबाची केबिन लहान. ड्रायव्हर धरून तिघं आत, बाकीची पोरं मागं फळीवर, दांडी धरून उभी. मागच्या महिन्यात वळणावर बसूचा हात निसटला, कोपर सोलून निघालं. चन्नम्मानं हळद लावली आणि एक शब्द बोलली नाही. घरातले घाबरले ते त्यानंच.

अध्यक्ष महादेवप्पा म्हणाले, "केबिन लहानच घ्यायची. मोठी घेतली की टाकी लहान होती. आग पाण्यानं विझती, माणसानं न्हाय."

"व्हय की," चन्नम्मा म्हणाली. "पाणी आपलं आपण उतरून जातंय आगीकडं."

"अक्का, तुमी पोराचं बघालाय."

"तुमचंच बघालेय. बंबाची पूजा होणार, देवळापर्यंत मिरवणूक निघणार. लहान केबिनीत तुमी आणि सेक्रेटरी बसाल. ह्या चौघांनी मागं लोंबकळायचं? नव्या फेट्यात?"

चौघांनी एकमेकांकडं बघितलं. मोठी केबिन मंजूर झाली. टाकीचं नाव परत कुणी काढलं नाही.

बंब आला. नारळ फुटला, सहाही फेटे आत बसले, आणि पलीकडच्या गल्लीत सुताच्या गोदामातून धूर निघाला.

पोरं कोट घालून धावत आली. आतलं कुणी हललं नाही.

"देवदर्शनाआधी उतरलं की अपशकुन," महादेवप्पा म्हणाले. "आजचा दिवस मागं उभं ऱ्हावा रे."

बसू सवयीनं मागच्या शिडीवर चढलासुद्धा. चन्नम्मा ड्रायव्हरच्या खिडकीशी गेली.

"शिवशरण, घे गाडी आगीकडं. ह्यांच्यासकट."

"अक्का, हे काय करणार तितं?"

"आत बसलेत ते विझवणार. बसू, तुझा कोट अध्यक्षांना दे. पोटावर बटण लागत नसलं तर सुतळी बांध."

शिवशरणनं गिअर टाकला. सायरन वाजला. दोन्हीकडची दारं एकदम उघडली. महादेवप्पा वयाच्या मानानं फार चपळ उतरले.

पोरं आत चढली. बसू शिडीवरच.

"मी हितं बरा हाय, अव्वा. टाइम जातोय."

"तुझ्यापायी टाकीतलं पाणी कमी केलंय मी. उतर. आत बस, पट्टा लाव."

तो आत बसला. पट्ट्याचा खटका ऐकू आल्यावरच तिनं दार लावलं.