यादीतली सातवी ओळ

आश्लेषाने सेटिंग्जच्या फाइलमध्ये राहून गेलेला स्वल्पविराम घातला आणि कोड लिहायचा एडिटर पुन्हा उघडला. आता कुठे असिस्टंटला इंटरनेटशी जोडणाऱ्या सर्व्हरच्या नावापुढे हिरवा ठिपका उमटला.

“जोडला एकदाचा! वसुधाताई, आता एआय असिस्टंट स्वतःच वेबसाइट्स वाचेल. आपल्या बॉथेल गावाच्या आसपासचे सगळे जॉब्स गोळा करेल.”

“कर बाई. माझे डोळे गेले त्या पोर्टल्सवर,” म्हणत वसुधाताई चहा टाकायला उठल्या.

वीस वर्षांची नोकरी जाऊन त्यांना चार महिने झाले होते. आश्लेषा पुण्याहून अमेरिकेत नवीन आली तेव्हा याच बाईने शेजारी बसून, एकदाही न ओरडता, तिला गाडी शिकवली होती. त्यांच्यासाठी शनिवारची एक दुपार म्हणजे काहीच नव्हतं.

असिस्टंटने परवानगी मागितली, तिने दिली. यादी भराभर उतरू लागली. सातवी ओळ तिने पुन्हा एकदा वाचली.

कंपनी तिची. कामही तिचंच, शब्दन् शब्द. वकिलाने सांगितलंच होतं, ग्रीन कार्डासाठी कंपनीला तिची जागा आधी जाहीर करावी लागते. लायक अमेरिकन नागरिक मिळाला, की अर्ज बारगळला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला तिच्या व्हिसात वेळ उरला नव्हता.

वसुधाताई नागरिक होत्या, आणि त्या ओळीतलं सगळं काम त्यांना येत होतं. त्यांचं कार्ड नवऱ्यामुळे झालेलं. या जाहिरातींची भानगड त्यांच्या गावीही नव्हती. सांगावं तरी कुठल्या तोंडाने?

आत आलं किसल्याचा आवाज येत होता. तिने घाईघाईने लिहिलं, ‘सातवी ओळ काढून टाक.’

‘ही जागा उमेदवाराशी सर्वांत जास्त जुळते. तरी काढू?’

तिला स्वतःचीच लाज वाटली. तरी तिने ‘हो’ लिहिलं.

वसुधाताईंनी कप ठेवले, चष्मा लावला आणि यादीवरून सावकाश बोट फिरवलं.

“मस्त झालीय गं. पण तुमची कंपनी नाही दिसत यात?”

“सुटली असेल,” आश्लेषा स्क्रीनकडेच बघत म्हणाली.

“असू दे. तिथे मी सोमवारीच अप्लाय केलंय. तुला ऑकवर्ड नको म्हणून बोलले नाही. काल फोन आला, मंगळवारी इंटरव्ह्यू आहे.” त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. “काय विचारतात गं तुमच्याकडे?”

आश्लेषाने खुर्ची सरकवून त्यांना शेजारी जागा करून दिली.