जोडाची तार

शिवलीलाने कान तिसऱ्यांदा खोडला. तेवढ्या जागी कागद खरबरीत झाला होता आणि पेन्सिल अडखळत होती. समोर सतरंजीवर वीणा मॅडम नववीच्या मुलींना भूप शिकवत होत्या. खिडकीपाशी स्टुलावर बसून, मांडीवर ड्रॉइंग बोर्ड घेऊन, शिवलीला त्यांच्याकडे रोखून बघत होती. तसं बघायचा तिला आता हक्क होता. शाळेनेच दिला होता.

मॅडम मार्चमध्ये निवृत्त होणार होत्या. राजाजीनगरच्या त्या शाळेत त्यांनी अठ्ठावीस वर्षं गाणं शिकवलं होतं. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांचं मोठं चित्र लावायचं आणि मग ते संगीताच्या खोलीत कायमचं ठेवायचं, असं ठरलं होतं. चित्रकलेच्या नंदू सरांनी बारावीच्या वर्गात विचारलं, "कोण करतंय?" आणि कुणाचा हात वर जायच्या आत शिवलीला म्हणाली, "मी करतो, सर."

सर चामराजपेटच्या जुन्या मराठी घरातले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "नक्की? स्वल्प विचार कर."

"केला की सर."

तिने खरंच विचार केला होता, तीन वर्षं.

नववीत असताना आंतरशालेय स्पर्धेसाठी तिची निवड झाली होती. स्पर्धेच्या आदल्या दिवशी भरलेल्या हॉलमध्ये तिला गायला उभं केलं. दोन ओळी झाल्या असतील नसतील, मॅडमनी हात वर केला. "स्टॉप. शी कान्ट होल्ड द नोट," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. मग जवळ येऊन मराठीत, "आवाज आहे गं तुला, पण कान नाही. कान शिकवता येत नाही कुणाला. आणि ते तुझं निपाणीकडचं 'मी गातो, मी येतो' आधी सोड. मुलगी आहेस ना?" तिच्या जागी संयोगिता गायली आणि बक्षीस घेऊन आली. पुढे वर्षभर शिवलीला वर्गात शिरली की कुणीतरी स्वतःची कानाची पाळी धरून ओढायचं आणि बाकीच्यांना हसू फुटायचं.

त्या दिवसानंतर तिने गळ्यातून सूर काढला नाही. आंघोळ करतानासुद्धा नाही. आई देवापुढे भजन म्हणायची तेव्हा पूर्वी दोघींचे आवाज एकत्र निघत, आता आई एकटीच म्हणे आणि काही विचारत नसे. अकरावीत संगीत की चित्रकला असा प्रश्न आला, तेव्हा शिवलीलाने चित्रकलेपुढे खूण केली. 'मी करतो', 'मी येतो' ही घरची बोली मात्र तिने सोडली नाही. उलट मॅडम जवळपास असल्या की ती मुद्दाम जरा मोठ्याने म्हणायची.

आता ती त्यांचं तोंड काढणार होती. त्या दिवशी हॉलमध्ये उजवीकडचा ओठ जसा खाली ओढला गेला होता, अगदी तसं. येणारा जाणारा म्हणेल, छान काढलंय. आणि वर्षानुवर्षं त्या खोलीत बसणाऱ्या प्रत्येक मुलीला नेमकं काय टोचतंय ते न कळता टोचत राहील.

त्यासाठी ती रोज शेवटच्या दोन तासांना येऊन बसू लागली. आणि माणसाकडे तीन आठवडे सलग बघितलं की जे दिसायला नको तेही दिसतं.

पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं की मॅडम मुलींच्या डोळ्यांकडे बघतच नाहीत, ओठांकडे बघतात. मागून कुणी हाक मारली तर वळत नाहीत. तानपुरा लावताना फोन जवळ ठेवतात आणि त्यातली सुई हिरवी होईपर्यंत खुंटी पिळतात. डोळे तारेवर नसतात, कान तर नसतोच. आणि मग तिला ते दिसलं, ज्यामुळे तिची पेन्सिल थांबली. जी मुलगी बिनधास्त तोंड उघडून गायची तिला मॅडम "शाब्बास" म्हणायच्या. जिच्या कपाळाला आठी पडायची, जी घाबरून गिळून गायची, तिला म्हणायच्या, "उतरलीस."

त्या सूर ऐकत नव्हत्या. चेहरे वाचत होत्या.

शिवलीलाने खात्री करून घ्यायची ठरवली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती संगीताच्या खोलीत गेली आणि तानपुऱ्याच्या मधल्या दोन तारांपैकी एकीची खुंटी थोडी सैल केली. जोडाच्या त्या दोन तारा एकाच षड्जात लावलेल्या असतात, एक हलली की सगळा तानपुरा कुरकुरू लागतो. तिने तारा छेडल्या, तो कुरकुरू लागला. दारातून जाणारा शिपाईसुद्धा क्षणभर थबकला.

तासाला मॅडम आल्या, सकाळी लावलेलाच आहे असं समजून, फोनकडे न बघता तानपुरा एका मुलीच्या हाती दिला आणि रक्षिताला म्हणाल्या, "चल, तू आधी."

रक्षिता नववीतली, बारीक चणीची. तिचा आवाज ऐकून नंदू सरसुद्धा जिन्यात थांबत. तिने सा लावला आणि तिचा चेहरा गोंधळला. तानपुरा एक म्हणत होता, तिच्या आतलं दुसरंच काही म्हणत होतं. ती वर गेली, खाली आली, कपाळाला आठ्या पडल्या.

"बेसूर," मॅडम म्हणाल्या. "काय झालंय तुला आज? बस खाली. रडायचं नाही."

तास संपल्यावर शिवलीला नळापाशी गेली तर रक्षिता तोंडावर पाण्याचे हबके मारत होती. डोळे लाल झाले होते. शिवलीलाने ब्रश धुतले, बाटली भरली आणि निघाली. जिन्यावर तिच्या पायांना एकदा परत फिरावंसं वाटलं, पण डोक्यात एकच वाक्य घणासारखं पडत होतं. मला कान नाही म्हणणाऱ्या बाईलाच ऐकू येत नव्हतं. माझं गाणं तिने ऐकलंच नव्हतं.

चित्राचा बेत त्या दिवशी बदलला. वाकडा ओठ तिने पुसून टाकला. तोंड सरळ काढलं, नजर मात्र जशी होती तशीच काढली, समोरच्याच्या डोळ्यांच्या चार बोटं खाली खिळलेली. नंदू सर रंगवलेल्या कॅनव्हाससमोर बराच वेळ उभे राहिले.

"कुठे बघतायत त्या?" त्यांनी विचारलं.

"गाणाऱ्याकडे, सर."

"हूं." जाताना सरांनी तिच्या खांद्यावर एकदा हात ठेवला, तो शाबासकीचा होता की कशाचा हे तिला कळलं नाही.

कार्यक्रम शनिवारी सकाळी होता. चित्रावरचं कापड काढलं तसा टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅडम चित्रासमोर गेल्या आणि टाळ्या थांबल्या तरी तिथेच उभ्या राहिल्या. मग वळून त्यांनी सभागृहात शिवलीलाला शोधलं आणि मान किंचित हलवली.

शेवटी त्या स्वतः गाणार होत्या. विंगेत त्यांनी फोन समोर ठेवून तानपुरा लावला. मागे साथीला रक्षिता गाणार होती. "तानपुऱ्यावर कोण?" त्यांनी विचारलं. जी मुलगी बसणार होती ती तापाने आली नव्हती.

"मी बसतो," शिवलीला म्हणाली.

"येतं तुला अजून?"

"तुम्हीच शिकवलंत की. आठवीत."

मॅडमनी तिच्या ओठांवरून नजर उचलून पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत बघितलं. मग तानपुरा तिच्या हातात दिला. "सांभाळ."

त्या पुढे झाल्या. पडद्याच्या आडोशाला, दोन पावलं मागे राहून, शिवलीलाने जोडाची खुंटी पिळली. या वेळी चांगलीच.

मॅडमनी डोळे मिटून यमनचा पहिला सूर लावला. त्यांचा आवाज अजून भरदार होता. तबलजींनी चटकन मान वर केली. बंगळूरच्या त्या सभागृहात निम्म्या आया लहानपणी गाण्याच्या शिकवणीला गेलेल्या, कर्नाटक असो की हिंदुस्तानी, षड्ज त्यांना कळत होता. पहिल्या रांगेतल्या एका बाईने दात दुखल्यासारखा चेहरा केला. दुसरी शेजारणीकडे बघू लागली. मागून कुणीतरी हसलं आणि खोकल्यात दडवलं. रक्षिता गाताना अडखळली आणि गप्प झाली. शिवलीलाची बोटं तारांवरून फिरत राहिली, एकसारखी, न चुकता.

मग मॅडमनी डोळे उघडले. वर्गात फिरते तशी त्यांची नजर चेहऱ्यांवरून फिरली, पहिली रांग, दुसरी, मुख्याध्यापिका, मुली. त्यांनी सगळं वाचलं. आलाप अर्ध्यावर सोडून त्यांनी हात जोडले.

"आज सूर लागत नाहीये," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. "इथेच थांबते. इतकी वर्षं ऐकून घेतलंत."

टाळ्या झाल्या, गरजेपेक्षा जास्त वेळ. भरलेल्या हॉलमध्ये मध्येच थांबावं लागणं म्हणजे काय, हे आता त्यांना कळलं होतं. शिवलीलाला आनंद झाला. खोटं कशाला सांगा, तिला मोठ्याने हसावंसं वाटलं.

तानपुरा ठेवायला ती संगीताच्या खोलीत आली, तेव्हा मॅडम तिथे एकट्या होत्या. पुष्पगुच्छ बाकावर टाकलेला होता. दार लावायला त्यांनी खुणेने सांगितलं.

"डावा कान सात वर्षांपूर्वी गेला," त्या म्हणाल्या. "उजव्यात सूर फुटतो. एकाचे दोन होतात. कुणाला सांगितलं नाही. चित्र बघितलं तेव्हा कळलं की तुला कळलंय."

"मग तानपुरा कशाला दिलात माझ्याकडे?"

"दुसरं होतं कोण?"

रागावतील, मुख्याध्यापिकांकडे नेतील, रडतील, अशा सगळ्यासाठी शिवलीला तयार होती. पण त्या तिच्या जवळ आल्या, नीट उजेडात, तिचे ओठ दिसतील अशा उभ्या राहिल्या.

"एक खरं सांग. नववीत, हॉलमध्ये. तू सुरात होतीस का गं?"

उत्तर तर तयारच होतं. इतके दिवस ते तिने मनात इतक्यांदा म्हटलं होतं. तिने तोंड उघडलं. आणि म्हणण्याआधी तो सूर एकदा आठवून बघावा म्हणून मागे गेली, तर तिथे वर गेलेला हात होता, संयोगिताचा पिवळा दुपट्टा होता, चारशे चेहरे होते. सूर नव्हता. स्वतःचा आवाज कसा होता हेच तिला आठवेना.

"माहीत नाही," ती म्हणाली.

मॅडमना तिचे ओठ वाचता आले. त्यांनी मान हलवली. "मलाही नाही."

पर्स खांद्याला लावून त्या निघून गेल्या. पुष्पगुच्छ तिथेच राहिला.

दार वाजलं आणि तानपुऱ्याची खोळ घेऊन रक्षिता आत आली. तिने तानपुरा आडवा घेतला, तारेवर बोट ठेवलं आणि थांबली.

"मी तुझ्या मागेच होते, अक्का, विंगेत," ती कन्नडमध्ये म्हणाली. "खुंटी फिरवताना बघितलं मी."

"त्या दिवशी वर्गातपण तूच?"

"हो."

"मला बेसूर म्हणाल्या त्या. घरी जाऊन मी अम्माला सांगितलं, मी गाणं सोडते." रक्षिताचा आवाज चढला नाही. "दहा दिवस मी गायलेच नाही."

माफी मागावी असं शिवलीलाच्या जिभेवर आलं. पण माफीने या मुलीचे दहा दिवस परत येणार नव्हते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ती खाली सतरंजीवर बसली, मुली बसतात त्या ओळीत.

"मी गातो," ती म्हणाली. "ऐकून सांगशील?"

रक्षिताने खोळ बाजूला ठेवली. "बेसूर असलीस तर मी तसंच सांगणार. आणि बाहेर सगळ्यांना सांगणार."

"सांग."

रक्षिता समोर बसली. फोन वगैरे काही न घेता तिने जोडाची तार हळूहळू वर आणली, दोन्ही तारा एकमेकींत विरून जाईपर्यंत. मग तिने शिवलीलाच्या चेहऱ्याकडे पाठ फिरवली, तानपुरा छेडला आणि म्हणाली, "हं. लाव."