पाव गोळी

औषधांच्या दुकानामुळे गल्लीत त्यांना सगळे 'अर्धे डॉक्टर' म्हणत. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता. कुणाचं पोट बिघडलं, कुणाच्या पाठीत उसण भरली, की लोक आधी त्यांच्या काउंटरवर येत. तेही बोलता बोलता हात मागे नेऊन नेमकी हवी ती गोळ्यांची पट्टी काढून देत.

त्या दुपारी जेवायला निघताना त्यांनी शटर नेहमीसारखं एका झटक्यात खाली ओढलं. खालून आवाज आला तो मांजराच्या पिल्लाचा, हे कळायला त्यांना एक क्षण लागला. शटर वर केलं, तर रोज पायरीवर लोळणारं पिवळं पिल्लू मागचा पाय फरफटत काउंटरखाली शिरलं.

दुकानाच्या वरच घर होतं. पिल्लाला टॉवेलात गुंडाळून त्यांनी वर आणलं.

"अहो, हे काय झालं?" बायको ताट वाढायचं सोडून पुढे आली. "पाय कसा लोंबतोय बघा. आधी जनावरांच्या दवाखान्यात न्या त्याला."

"या वेळेला कोण असणार तिथे?"

दवाखाना दुपारीही उघडा असतो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण तिथे गेलं की डॉक्टरीणबाई विचारणार, कसं लागलं, आणि सांगावं लागणार की माझ्याच हातून.

"मी आहे ना घरात," ते म्हणाले. "दुखणं थांबलं की झोपेल. संध्याकाळी बघू."

पॅरासिटामॉलची पाव गोळी त्यांनी पाण्यात विरघळवली आणि पिल्लाचा जबडा धरून ड्रॉपरने तोंडात सोडली. त्याने मान झटकली, ओरबाडलं, थोडं थुंकलंही. मग हळूहळू गप्प झालं.

"बघ," ते बायकोला म्हणाले. जेवले आणि आडवेही झाले.

त्यांना जाग आली ती सुनेच्या हाकेने. ती नुकतीच ऑफिसातून आली होती, पर्स अजून खांद्यालाच होती.

"बाबा, हे बघा ना, याचं तोंड सुजलंय! श्वास बघा कसा घेतोय."

त्यांनी पिल्लाचा ओठ वर केला. हिरड्या गुलाबी नव्हत्या. मळकट, तपकिरी दिसत होत्या.

सुनेने स्कूटर काढली. ते मागे बसले, मांडीवर औषधांचा रिकामा खोका, खोक्यात पिल्लू. सिग्नलला ती थांबली की त्यांना वाटे, आत्ताच सांगावं हिला. पण दिवा हिरवा होई आणि ते नुसता खोका सावरत.

डॉक्टरीणबाईंनी पायाला हात लावला आणि लगेच सोडून दिला.

"पाय मोडलाय, पण ते नंतर. याला काही खायला घातलंत? औषध वगैरे?"

"नाही," ते म्हणाले. "दूध फक्त."

बाईंनी टॉर्च पेटवून पुन्हा हिरड्या पाहिल्या. "नुसत्या पायाच्या दुखण्याने असं होत नाही. कशाचं विष आहे ते कळलं नाही, तर मी अंदाजाने उपचार करणार, आणि तेवढा वेळ याच्याकडे नाहीये."

सून त्यांच्याकडेच बघत होती. तिने दुपारची गोष्ट ऐकलेली नव्हती, तरी बघत होती.

"पॅरासिटामॉल," ते म्हणाले. "पाव गोळी. मीच दिली, दुपारी. पायही माझ्याच शटरखाली आला."

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त मदतनिसाला हाक मारली, ऑक्सिजन लावायला सांगितलं आणि उताऱ्याच्या औषधाची बाटली फोडता फोडता म्हणाल्या, "मांजराच्या शरीराला ते पचत नाही. रक्त निकामी होतं. तुमच्या दुकानात कुणी विचारलं, तर तेवढं सांगत चला."

"हो," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच गिऱ्हाइकासारखं काउंटरच्या अलीकडे उभं राहून त्यांनी कुणाची सूचना ऐकली होती.

पिल्लू वाचलं. मात्र त्याचं रक्त सुधारेपर्यंत भूल देता आली नाही, पाय बसवायला उशीर झाला, आणि तो वाकडाच जुळला. घरी आणल्यावर ते लंगडत लंगडत सगळीकडे फिरू लागलं. त्यांच्या पायांत मात्र येत नसे. ते ड्रॉपर हातात घेत तेव्हा तर कपाटामागे पळायचं, म्हणून औषध सुनेलाच पाजावं लागे.

कामासाठी परगावी गेलेला मुलगा बऱ्याच दिवसांनी परतला तेव्हा सगळे जेवायला बसले होते. पिल्लू दारातून लंगडत आलं.

"अरे, याला काय झालं?"

"शटरखाली आलं होतं," सून भात वाढत म्हणाली. "वेळेत दवाखान्यात नेलं, म्हणून वाचलं."

तिने हे सहज म्हटलं, सासऱ्यांकडे न बघता. गोष्ट तिथेच संपवायची तिची तयारी होती. बायकोनेही आमटीची वाटी पुढे सरकवली.

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"वेळेत नाही नेलं," ते म्हणाले. "तुझी आई सांगत होती. मी नेलं नाही."

मुलाने पिल्लाला उचलून मांडीवर घेतलं आणि त्याचा वाकडा पाय हलक्या हाताने चाचपून पाहू लागला.