आखाजीतला नमुना

“बठ्ठ्या बायास्ले तपासाले लई जाय, अक्का. कोन्हालेच लाजू दिऊ नको. मी लाजनू.”

सगळ्या बायांना तपासायला ने, असं धाकटी जाऊ प्रमिला शेवटच्या आजारपणात म्हणाली आणि यशोदाबाईंनी तिचा हात धरून हो म्हटलं. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरनं तिला नेलं, शब्द मात्र मागं राहिला. म्हणून आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर गावातल्या शाळेत त्याच कॅन्सरची तपासणी लागली तेव्हा यशोदाबाईंनी सुनेला, सारिकाला, बजावलं होतं. “माहेराहून आले की नमुना देते,” म्हणून ती गेली. आल्यावर ते राहूनच गेलं.

आणि आता गावची आशा सेविका मेघा दार लोटून हळूच सांगत होती, “सारिकाताई, तुमच्या नमुन्यात विषाणू सापडलाय. कॅन्सर झाला असं नाही हं. पण जळगावला पुढची तपासणी करायला हवी. वेळेत धरलं तर बरं होतं.”

सारिकाच्या हातातलं सूप थांबलं. “मी नमुना दिधाच नही. मी तं माहेरले व्हतू.”

यशोदाबाईंनी आधी सुनेकडे पाहिलं. चोरून देऊन आली असेल. त्रास होत असेल आणि लपवत असेल. “कोनता दिन निंघनी व्हती तू?”

“यास्नीच सोडं ना एस.टी.ले. इचारी ल्या तुमना आंडोरले.”

मुलाला विचारायचं तर घरभर होणार. मग यशोदाबाईंची नजर मेघाकडे वळली. “गावना आकडा भराले कोनं बी नाव टाकी दिधं का वं, बाई?”

मेघाचा चेहरा उतरला. आवाज मात्र चढला नाही. “काकू, नमुनाच खोटा असता तर विषाणू कुठून आला असता? कुणीतरी बाई आहे. बाहेरून आलेल्या पथकानं मोबाईलमध्ये तुमच्या घरचं नाव लिहिलंय, नंबरही तुमच्या घरचाच. ती कोण, तेवढं कळू द्या.”

यशोदाबाई आखाजीचे दिवस आठवू लागल्या. सुना माहेरी गेल्या की घरात कोण येतं? लेकी येतात. निंबाच्या झोक्यावरून उतरून उषा शाळेकडे गेली होती. येताना हसत म्हणाली होती, “आई, तिथं बी सासर-माहेर इचारतस.” तेव्हा त्यांनी ते हसण्यावारीच नेलं.

त्यांनी उषाला फोन लावला. शाळेत नमुना तू दिलास का, असं विचारलं.

“वहिनीचं नाव सांगितलं मी,” उषा कुजबुजली. “आमच्या गावी दिलं असतं तर सासूला कळलं असतं. म्हणते, नेक बाईला कशाला लागते तपासणी. आई, मधूनच अंगावरून जातं गं माझ्या. इथं कुणाला सांगू नको.”

यशोदाबाईंनी फोन ठेवून दोघींना ते सांगितलं. मेघा कपाळाला हात लावून बसली. “म्हणजे गावोगाव हेच झालं असणार. सुना गेल्या, लेकी आल्या. आकडा भरला, काकू, आणि बाया राहिल्या. पुन्हा घरोघर विचारावं लागेल.”

“सारिकापासूनच सुरू कर,” यशोदाबाई म्हणाल्या. सुनेकडे बघवेना. “आज तुना नमुना दी दे, बेटा. मी उगाच वाकडं पाहं.”

“तुमनं पाहनं मी ओळखस,” सारिका म्हणाली आणि सूप पुन्हा हलायला लागलं. “पण उषाताईस्ले एकटं जाऊ दिऊ नका.”

दुसऱ्या दिवशी सकाळी यशोदाबाईंनी तुळशीला पाणी घातलं, सोमवारचा उपास होता म्हणून राजगिऱ्याचे दोन लाडू पदरात बांधले. शेजारीण त्यांच्या पायांतल्या चपला बघत म्हणाली, “कोठे निंघन्यात अक्का, उपासना दिन?”

“लेकले लेवाले. नवस शे, जळगावले फेडना शे.”

“कसाना नवस?”

“प्रमिलाना,” यशोदाबाई म्हणाल्या आणि धुळ्याकडे, उषाच्या सासरी जाणाऱ्या गाडीसाठी फाट्याकडे चालू लागल्या.