बाभळीचे तुंबे

रूपलानं मोडलेलं चाक टेम्पोतून माझ्या दारात उतरवलं आणि एकही शिवी दिली नाही, तेव्हाच मी हातातलं काम खाली ठेवलं. रूपला शिव्या देणारा माणूस. बैल अडला तरी देतो, पाऊस लांबला तरी देतो. त्या दिवशी तो नुसता चाकाजवळ बसला आणि बोट दाखवून म्हणाला, "पाह्य."

मी पाहिलं. तुंबा उभा चिरला होता. तुंबा म्हणजे चाकाच्या मधला जाडजूड लाकडी ठोकळा. बाहेरून त्यात आरे बसतात, आतल्या भोकात लोखंडी नळी ठोकतात आणि त्या नळीतून गाडीचा आख जातो. चीर एवढी रुंद की माझं बोट आत गेलं. नळी ओढली तर हातात आली. पाच महिन्यांपूर्वी हीच नळी मी घणानं ठोकून बसवली होती.

"नाल्याच्या उतारावर चाक बसलं," रूपला म्हणाला. "गाडी कलंडली. म्या उडी मारली. माय खाली आली."

त्याची माय म्हणजे गोमतीबाई. मांडीचं हाड मोडलं होतं आणि बाई वाशिमला दवाखान्यात होती. गाडी माझ्याकडूनच करायची हा हट्ट तिचाच. दुकानात येऊन चाकावरून हात फिरवत म्हणाली होती, "पुंजाजीच्या पोराचं काम हाय, त्यात पाहाचं काय?" पुंजाजी म्हणजे माझा बा. पन्नास वर्षं त्यानं या भागातल्या गाड्यांची चाकं केली.

"रूपला, मी नवी जोडी करून देतो तुले," मी म्हणालो.

"माह्यं राहू दे. अशा गाड्या आखीन कोनाकोनाले देल्ल्या तुनं? त्याइले आंधी फोन कर."

सहा जणांना फोन केले. एक शेलूबाजारचा, दोन जऊळक्याकडचे, बाकी जवळपासचे. "गाडी जुपू नका," एवढंच म्हणायचं होतं, पण प्रत्येक जण "काहून?" विचारायचा आणि प्रत्येकाला मला सांगावं लागलं की माझं काम खोटं निघालं.

रूपला गेल्यावर मी मनाशी एक ठरवलं. आधी त्याची जोडी करायची, अशी की दहा वर्षं हलणार नाही. ती चाकं गाडीला लावायची आणि मगच गोमतीबाईसमोर जाऊन उभं राहायचं. रिकाम्या हातानं तिला तोंड दाखवायची माझी छाती नव्हती.

आता मशीनचं सांगतो, कारण सगळं पाप तिथलं आहे. नाही, हे खोटं बोललो. पाप माझं आहे, मशीनला काय कळतं.

बा एका तुंब्याला दोन दिवस लावायचा. गिरमिटानं हळूहळू बारीक भोक पाडायचं, मग तापवून लाल केलेल्या सळईनं ते जाळत जाळत मोठं करायचं. मी आयटीआय केलेला फिटर. मला त्या धुराची चीड यायची. मी थ्रेशरचा जुना दांडा घेतला, मोटर जोडली, दांड्याच्या टोकाला पातं बसवलं आणि तुंबा शिकंज्यात आवळायची सोय केली. दोन दिवसांचं काम वीस मिनिटांत, असा हिशेब होता. पण बाचं लाकूड भारी खट, टणक. तो बाभळीचे तुंबे तोडून आणायचा, एक पावसाळा तलावाच्या गाळात गाडून ठेवायचा आणि पुढं दोन वर्षं सावलीत वाळवायचा. अशा तुंब्यावर माझं पातं किंचाळायचं, धूर काढायचं आणि भोक तिरपं पाडायचं. तीन वर्षांत मी अकरा पाती बदलली. बा यायचा, भोकात डोळा घालून बघायचा आणि काही न बोलता बाहेर जायचा. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

मग बाला लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तोंडातून नुसते आवाज यायचे. ते कळायचे फक्त माझ्या बायकोला, ललिताला, कारण दोन्ही वेळा घास तीच भरवायची. रात्री मी दुकानातून घरात येईपर्यंत बा झोपलेला असायचा, आणि खरं सांगायचं तर मला ते बरं वाटायचं.

गेल्या दिवाळीनंतर मी रिसोडच्या एका लाकूड कापायच्या आरा मशीनवरून तुंबे आणले. मालक म्हणाला, दोन साल जुना माल आहे. त्याच आठवड्यात ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याच्या पोलादाचं बारावं पातं घडवलं. पहिला तुंबा लावला, मोटर सुरू केली आणि पातं लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं. धूर नाही, किंचाळणं नाही. लाकडाचे लांबच लांब छिलके निघाले. भोक सरळ. मी दुकानात अक्षरशः नाचलो. मोबाइलवर शूटिंग केलं आणि गावाच्या ग्रुपवर टाकलं. शंकरपट, म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यती, पुन्हा सुरू झाल्यापासून लोकांना गाडीचं वेड लागलं होतंच, डिझेलला कंटाळलेले लहान शेतकरीही होते. सात गाड्यांचं काम आलं.

बाची बाज तेव्हा सकाळी दुकानातच असायची, कोवळ्या उन्हासाठी. तो डाव्या हातानं जमिनीवरचे छिलके उचलायचा, मुठीत दाबायचा आणि मूठ माझ्याकडं करून ओरडायचा. रोज. एक दिवस त्यानं ते छिलके माझ्या अंगावर फेकले. ललिता म्हणाली, "अवो, बा लाकडाचं काईतरी सांगून राह्यले." मी म्हणालो, "तू मले मशीन शिकवू नको. म्हाताऱ्याले पाहावत नाई, दुसरं काय?" आणि बाज उचलून मागच्या खोलीत नेऊन ठेवली. मी हे केलं, भरदिवसा, शुद्धीत.

तर रूपलाच्या जोडीसाठी मी माळ्यावरून बाचे तुंबे काढले. पाचच शिल्लक होते. रिसोडच्या मालाला हात लावायची हिंमत नव्हती. पातं तेच, बारावं. मोटर सुरू केली.

पातं किंचाळलं. धूर आला. अर्ध्या वाटेत दांडा थडथडायला लागला आणि भोक एका अंगाला गेलं. मी तुंबा बाहेर काढला आणि भोकात डोळा घातला. सगळं जसं होतं तसंच होतं, तीन वर्षांपूर्वीसारखं. म्हणजे पातं सुधारलंच नव्हतं. मशीन सुधारली नव्हती. लाकूड ओलं होतं! ओल्या लाकडात कोणतंही पातं जातं. वैशाखात ते लाकूड वाळलं, आकसलं आणि आतल्या नळीवर ताण बसून चिरलं. बाच्या तापल्या सळईला ओलं लाकूड लगेच कळायचं. फस्स करायचं, वाफ सोडायचं, आणि बा तो तुंबा बाजूला काढायचा. माझ्या मशीननं वेळ वाचवला आणि तेवढी एक परीक्षाच उडवून टाकली.

हे कळलं तरी अक्कल आली नाही. मी पातं घासलं, वेग कमी केला आणि दुसरा तुंबा लावला. गेला. पट्टा बदलला, तेल सोडलं, तिसरा लावला. तोही गेला. चार दिवसांत बाच्या हातचे तीन तुंबे मी सरपण करून टाकले. तिसरा गेला तेव्हा मी हातोडा मशीनच्या चौकटीवर हाणला आणि खाली बसून लहान पोरासारखा रडलो. दोनच उरले होते. म्हणजे बरोबर एक जोडी. त्यातला एक जरी गेला तरी जोडी नाही, आणि नवीन लाकूड मुरवून वाळवायला अडीच-तीन वर्षं. हातानं पाडावं म्हटलं तर गिरमिट सरळ कसं धरायचं हे मी कधी शिकलोच नव्हतो. ज्याला येत होतं त्याला मी मागच्या खोलीत ठेवलं होतं.

फोन येत होते. शेणखत वाहायचे दिवस, सगळ्यांच्या गाड्या दारात उभ्या. रूपलाचा फोन मात्र येत नव्हता. त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटायची.

ललिता दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाले बाहेर आनू का?"

"कोन्या तोंडानं आनू?"

"तुमच्या तोंडाचं राहू द्या. त्याइले इचारा तरी."

आम्ही दोघांनी बाज उचलून आणली आणि मशीनशेजारी ठेवली. बाचं वजन उरलंच नव्हतं. मी वाया गेलेले तीन तुंबे त्याच्यासमोर ओळीनं मांडले आणि म्हणालो, "बा, मी चुकलो." त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. डावा हात एकेका तुंब्याच्या भोकात घातला, आतून चाचपला. मग तोंडातून आवाज काढला. ललितानं कान जवळ नेला.

"इचारून राह्यले, एकाच अंगानं काहून घुसते तुह्यी सळई?"

"सळई नाई बा, दांडा हाय."

बानं डाव्या हातानं हवेतच कापल्यासारखं केलं, म्हणजे तेच रे. मग एक बोट तुंब्याच्या या बाजूला ठेवलं, मग त्या बाजूला. पुन्हा इकडं, पुन्हा तिकडं. ललिता म्हणाली, "म्हनतेत, आंधी बारीक भोक दोन्हीकून. मंग सळई आरपार. तिकडूनबी कोनीतरी धराव लागते. म्या धरत होतो, तुही माय तिकडून धरत होती."

मी दांड्याकडं पाहिलं. एका टोकाला बेअरिंगमध्ये बसलेला, दुसरं टोक मोकळं. तीन वर्षं मी पाती बदलत बसलो होतो आणि दांडा पुढच्या टोकाला अधांतरी लोंबत होता. ओल्या लाकडानं त्याला वाट दिली, वाळलेल्यानं ढकलून दिलं. हे आयटीआयच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

दोन दिवस मी तेच केलं. पलीकडच्या बाजूला लोखंडी ठोकळा उभा केला आणि त्यात थ्रेशरचं दुसरं बेअरिंग बसवलं. दांडा लांब केला आणि पातं टोकावरून काढून दांड्याच्या मधोमध खाच पाडून बसवलं. आता दांडा दोन्हीकडून धरलेला, पातं मध्ये. चौथ्या तुंब्याला बाच्या डोळ्यांसमोर दोन्हीकडून गिरमिट लावलं. माझा हात वाकडा गेला की बाजेवरून आवाज यायचा आणि ललिता म्हणायची, "उजवीकडं झुकलं." दोन्ही भोकं मध्ये मिळाली तेव्हा माझा सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

दांडा आरपार घातला. बानं हात पुढं केला. मी बाज आणखी जवळ सरकवली आणि त्यानं डावा पंजा तुंब्यावर टेकवला. मोटर सुरू केली. पातं लागलं, कुरकुरलं. बाचा पंजा वर उठला. मी थांबवलं, भुसा काढला, गार होऊ दिलं. पंजा खाली आला, मी पुन्हा सुरू केलं. असं किती वेळा झालं, मोजलं नाही. पातं जरा जरा बाहेर काढत भोक मोठं करत गेलो. भुसा कोरडा, पिठासारखा बारीक पडत होता. सकाळी सुरू केलेलं काम दुपारच्या जेवणापर्यंत चाललं. वीस मिनिटांचा हिशेब केव्हाच मेला होता.

तुंबा सोडवून बाजेच्या कडेवर ठेवला, नळी ठोकली, आख घालून हातानं फिरवला. तसूभरही हलला नाही. पुन्हा फिरवला. मी ओरडलो, "जमलं! बा, जमलं! मशीन जमली!" ललिताचे खांदे धरून हलवले. अकरा दिवसांनी माझ्या छातीवरचा दगड उतरला होता. बाचा पंजा तुंब्यावरच होता. त्याच्या ओठांची हालचाल झाली. ललितानं कान नेला आणि बाजेवरचा भुसा झटकायला लागली.

"काय म्हनते?"

"काई नाई."

"सांग ना वं, कायले लपवून राह्यली?"

ती पदराशी चाळा करत म्हणाली, "इचारून राह्यले, गोमतीबाई कशी हाय?"

अकरा दिवस. वाशिम काही लांब नाही, जीपनं दुपारी जाऊन दिवेलागणीला परत येता येतं. मी एकदाही गेलो नव्हतो. तिचं ऑपरेशन झालं की नाही, ती उठून बसते का, जेवते का, मला काहीच माहीत नव्हतं. साधा फोनही केला नव्हता. मशीन नीट करतो आहे म्हणजे तिचंच करतो आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

"मले मालूम नाई, बा," मी म्हणालो.

बानं तुंब्यावरचा हात काढून घेतला. जोडीतला दुसरा तुंबा अजून तसाच पडला होता.